नऊ नंबरच्या खोलीतल्या दोघी

मी मूळची नागपूरची. बंगळूरला येऊन अकरा वर्षं झाली. बनशंकरीत राहते आणि दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढते. तीच माझी नोकरी. काही वर्षांपूर्वी आमच्या छोट्या कंपनीला एक सरकारी काम मिळालं. दहावीच्या परीक्षेच्या वर्गांमध्ये कॅमेरे बसवले होते. त्यांची चित्रं एका ठिकाणी यायची, कुठे कॉपी होते आहे असं वाटलं तर आमचं सॉफ्टवेअर त्या चौकटीला लाल कड लावायचं, आणि मग माणसानं ती चौकट मोठी करून खात्री करायची. माणसं कमी पडली म्हणून आम्हा टेस्टिंगवाल्यांनाही पडद्यासमोर बसवलं.

पाहिलेलं बाहेर बोलायचं नाही, असं तेव्हा लिहून दिलं होतं. ज्यांची ही हकीकत आहे त्यांनीच नंतर "सांगा की, त्यात काय" असं म्हटलं, म्हणून सांगते आहे. पण नाव कुणाचं घेत नाही.

पहिल्या पेपरच्या सकाळी आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मोठ्या खोलीत बसलो होतो. समोरच्या भिंतभर चौकटी, प्रत्येक चौकटीत एक वर्ग. आवाज कुठलाच नव्हता, कॅमेरे फक्त चित्र घ्यायचे. तेल लावून घट्ट वेण्या घातलेल्या मुली, पँटला तळहात पुसणारी मुलं, पाण्याच्या बाटल्या बाकाखाली ठेवायला सांगणाऱ्या बाई. प्रत्येक डोक्याभोवती आमच्या सॉफ्टवेअरनं काढलेली बारीक हिरवी चौकट. मुलांवर अशी पाळत ठेवायची म्हणजे आपल्याला ओशाळल्यासारखं होईल, असं मला आदल्या दिवशीपासून वाटत होतं. झालंही. पण त्याच्याही आधी दुसरं काहीतरी झालं. प्रश्नपत्रिका वाटून झाल्या आणि भिंतीवरच्या सगळ्या चौकटींतली सगळी डोकी एकदम खाली झुकली. इतकी मुलं एकाच वेळी विचार करताना मी कधी पाहिली नव्हती. माझ्या हातातली कॉफी तशीच राहिली. शेजारच्या मुलीनं विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

तेवढ्यात माझ्या वाट्याच्या चौकटींपैकी एक लाल झाली. केंद्र यशवंतपूरच्या बाजूचं, खोली क्रमांक नऊ.

चौकट मोठी केली. छोटी खोली, तीनच माणसं. दाराजवळ खुर्चीवर एक पर्यवेक्षिका बाई. मधल्या बाकावर दोन मुली शेजारी शेजारी. थोरली ताठ बसलेली, चेहरा किंचित वर, ओठ सतत हलत होते. धाकटी कागदात डोकं घालून भराभर लिहीत होती. दोघींत एकच उत्तरपत्रिका. मी केंद्रप्रमुखांना फोन लावला.

"मॅडम, ती रायटर आहे," ते म्हणाले. "मोठीला दिसत नाही. ती सांगते, छोटी बहीण लिहिते. ऑर्डर आहे, परवानगी आहे, एक तास जास्तीचा आहे. सगळे कागद आहेत."

मी कन्नडमध्ये "सरी, सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणून फोन ठेवला आणि लाल कड काढून टाकली. दोन मिनिटांत ती परत आली. आमच्या सॉफ्टवेअरला लेखनिक नावाचा प्रकार कुणी शिकवलाच नव्हता. दोन डोकी जवळ आणि ओठ हलतात, म्हणजे कॉपी, एवढंच त्याला कळायचं. टेस्टिंगच्या वेळी ही गोष्ट माझ्याही लक्षात आली नव्हती, आणि परीक्षा चालू असताना प्रोग्रामला हात लावायला बंदी होती. त्यामुळे पुढचे सगळे पेपर ती खोली माझ्या नावावर लागली. कड लाल व्हायची, मी बघायचं, हातानं काढायची, परत लाल व्हायची. शेवटी मी ती चौकट मोठीच ठेवून दिली आणि परीक्षेचे पूर्ण तास, शिवाय तो जास्तीचा तास, त्या दोघींना पाहत राहिले.

आवाज नसताना माणसाकडे बघत राहिलं की भलतंच काही दिसायला लागतं. धाकटी प्रश्न वाचायची तेव्हा थोरली अजिबात हलायची नाही. मग बोलायला लागायची ते न थांबता, अर्धं पान होईपर्यंत. मधेच धाकटीचं पेन मागे पडलं की ही थांबायची, अगदी वाक्याच्या मध्यात, आणि पेन पोचलं की तिथूनच पुढे जायची. मला दोन ओळींचा ई-मेल लिहायचा तर चार वेळा वर जाऊन वाचावं लागतं. ही मुलगी एक शब्दही डोळ्यांनी न पाहता निबंध लिहीत होती.

तिसरा पेपर गणिताचा होता. त्या दिवशी मध्येच काहीतरी वेगळं घडलं. थोरली बोलता बोलता गप्प झाली. मान हलवली. मग धाकटी बोलायला लागली. ती बोलतच राहिली, बराच वेळ, आणि थोरली ऐकत होती. पुन्हा धाकटी, पुन्हा ऐकणं. असं तीनदा झालं. मग थोरलीनं काहीतरी थोडंसं सांगितलं, धाकटीनं काहीतरी खोडलं आणि लिहिणं परत सुरू झालं.

अशा वेळी शेरा लिहायचा नियम होता. मी जे दिसलं ते लिहिलं: "लेखनिक बराच वेळ बोलते आहे, विद्यार्थिनी ऐकते आहे, त्यानंतर उत्तर खोडून बदललं आहे." मत दिलं नाही, शंका लिहिली नाही. आपण अगदी प्रामाणिकपणे लिहिलं असं मला वाटलं, आणि मी घरी गेले.

दोन दिवसांनी शिक्षण खात्याचे एक अधिकारी माझ्या टेबलाशी आले. पन्नाशी उलटलेले, किरकोळ अंगाचे, खांद्याला कापडी पिशवी. पूर्वी शाळेत विज्ञान शिकवायचे, असं कुणीतरी सांगितलं होतं. माझ्याशी ते हिंदीत बोलत, मधे मधे कन्नड.

"हा शेरा तुमचा?"

"हो सर."

"म्हणजे रायटरनं उत्तर सांगितलं."

"तसं मी लिहिलेलं नाही, सर."

"लिहिलेलं नाही, पण अर्थ तोच होतो ना? रायटर बोलते, मुलगी ऐकते, उत्तर बदलतं. पर्यवेक्षिका म्हणतात, दाराशी नीट ऐकू आलं नाही. शिवाय हा नंबर रोज लाल. मी याच्याकडे डोळेझाक केली तर उद्या मला विचारतील."

मी सांगितलं की लाल कड आमच्या सॉफ्टवेअरची चूक आहे, रोज येणारच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "लाल कड तुमची चूक, मान्य. पण वाक्य तर मशीननं लिहिलेलं नाही."

मग ते म्हणाले, शेवटच्या पेपरला मी स्वतः जाणार, तुम्हीही चला, तुम्ही पाहिलं आहे तर तुम्हीच समोर असा.

शेवटचा पेपर विज्ञानाचा. सकाळी आम्ही केंद्रावर पोचलो तेव्हा फाटकाशी पालकांची गर्दी होती. भिंतीच्या सावलीत एक बाई एका मुलीचा हात घट्ट धरून उभी होती. मी मुलीला लगेच ओळखलं. पाच पेपर जिला तासन्‌तास पाहिलं होतं ती हाताच्या अंतरावर उभी होती, आणि पडद्यावर वाटली होती त्यापेक्षा बुटकी होती. आई तिला म्हणत होती, "स्वल्प पाणी पी ग. घसा वाळला की बोलणार कशी?"

मराठी ऐकून मी चमकलेच. बंगळूरला पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत हे ठाऊक होतं, पण त्या दिवशी, त्या फाटकाशी ते कानावर पडलं आणि मला एकदम आपल्या घरचंच कुणीतरी अडचणीत आहे असं वाटलं. पण मी तिथे कोणत्या बाजूनं आले होते ते आठवलं.

अधिकारी नऊ नंबरच्या खोलीत गेले. दोघी आपल्या जागी बसल्या होत्या. त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की आजचा पेपर दुसरी रायटर लिहील. त्यांनी त्याच शाळेतली एक नववीतली मुलगी बोलावून ठेवली होती. ती दारात उभी होती, घाबरून पांढरी पडलेली.

धाकटी उभी राहिली. "का, सर?"

"नियमात बसतं. तू बाहेर बस."

धाकटीचे डोळे भरले. तिनं आपलं कंपासपेटीसारखं छोटं पाऊच उचललं आणि ती जायला लागली. थोरली मात्र चेहरा अधिकाऱ्यांच्या आवाजाकडे वळवून बसली होती. ती म्हणाली, "सर, पाच मिनिटं आधी देता काय? हिला माझी पद्धत सांगायला हवी. परीक्षेच्या वेळेतली नकोत, आताची."

त्यांनी घड्याळ पाहिलं. "घे."

नवी मुलगी येऊन बसली. थोरलीनं आधी तिचा हात शोधला आणि धरला. "तुझा हात थंड आहे," ती कन्नडमध्ये म्हणाली. "भिऊ नको. तुला काहीच येत नसलं तरी चालेल. उलट बरंच. मी 'ओळ' म्हटलं की खालच्या ओळीवर जायचं. 'खाली' म्हटलं की आकडा लहान, पायाशी. 'वाच' म्हटलं की शेवटच्या ओळीपासून नाही, वरपासून वाचायचं. चुकलीस तर सांगायचं, मी रागावणार नाही. तुला स्पेलिंग अडलं तर विचार, मी एकेक अक्षर सांगते." मग तिनं विचारलं, "लिहिताना पेन जोरात दाबतेस की हळू?"

"हळू," मुलगी म्हणाली.

"आज जरा दाबून लिही. मला ऐकू आलं पाहिजे."

मी आणि अधिकारी मागच्या बाकावर बसलो. पेपर सुरू झाला.

इतके दिवस मुकं असलेलं ते चित्र आता बोलायला लागलं होतं. तिचा आवाज मऊ होता, जरासा घोगरा. माध्यम इंग्रजी होतं. ती उत्तर सांगायची इंग्रजीत, सूचना द्यायची कन्नडमध्ये, आणि दोन्हींचा वेग वेगळा, म्हणजे लिहिणारीला काय कागदावर जायचं आणि काय नाही हे आपोआप कळावं. पहिल्या दोन उत्तरांत नवी मुलगी चाचपडली. तिसऱ्यापासून दोघींची लय जमली.

मग रासायनिक समीकरण संतुलित करायचा प्रश्न आला. तापलेलं लोखंड आणि वाफ. मी शाळा सोडून जमाना झाला, तरी हे आठवत होतं, कारण मला ते कधीच जमलं नव्हतं. मुलीनं प्रश्न वाचला. थोरली थोडा वेळ गप्प राहिली. दोन्ही हात मांडीवर, बोटंही हलत नव्हती. मग तिनं सांगायला सुरुवात केली. तीन, मोठा एफ, छोटा ई. अधिक. चार, एच, खाली दोन, ओ. बाण. मोठा एफ, छोटा ई, खाली तीन, ओ, खाली चार. अधिक. चार, एच, खाली दोन.

पेन थांबलं. थोरलीनं मान तिरकी केली.

"एवढ्यात झालं? वाच."

मुलीनं वरपासून वाचलं. शेवटी तिनं चार लिहिलाच नव्हता, नुसतं एच खाली दोन.

"बघ हं," थोरली तिला समजावत म्हणाली, "डावीकडे हायड्रोजन आठ आहेत. उजवीकडे तुझ्याकडे दोनच उरले. बाकीचे सहा कुठे गेले? एचच्या आधी चार लिही, मोठा." पेन चाललं. ती ऐकत होती. "हं. आता बरोबर वाजलं."

माझ्या शेजारी अधिकाऱ्यांनी पिशवीतून कागद काढून तेच समीकरण लिहायला घेतलं होतं. त्यांनी एकदा खोडलं, परत लिहिलं, कागदाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मग कागद घडी करून ठेवून दिला. त्यानंतर ते पेपर संपेपर्यंत हातांची घडी घालून बसून राहिले, आणि मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा त्यांचा चेहरा देवळात उभ्या असलेल्या माणसासारखा झाला होता. माझाही तसाच झाला असणार.

जास्तीचा तास तिनं पूर्ण वापरला. शेवटच्या अर्ध्या तासात नवीन काही सांगितलं नाही. सगळी उत्तरपत्रिका वाचून घेतली आणि तिसऱ्या पानावरचं एक उत्तर दुरुस्त करून घेतलं, पाचव्या ओळीतला कितवा शब्द ते सांगून. मला तर ते उत्तर होतं हेसुद्धा आठवत नव्हतं.

घंटा झाली. अधिकाऱ्यांनी बाहेर बसलेल्या धाकटीला आत बोलावलं. ती पायरीवर बसून बसून रडून मोकळी झाली होती आणि आता तिला राग आला होता.

त्यांनी विचारलं, "गणिताच्या पेपरला तू बराच वेळ बोलत होतीस. काय सांगत होतीस हिला?"

"सांगत नव्हते, वाचत होते," ती म्हणाली. "अकरा ओळी होत्या. मी चौथ्या ओळीत वजाचं चिन्ह खाल्लं होतं. हिचं उत्तर डोक्यात वेगळं येत होतं आणि कागदावर वेगळं. म्हणून हिनं पहिल्यापासून तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा हिनंच पकडलं, चौथ्या ओळीत वजा राहिला म्हणून. ते माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी मला दिसलं नव्हतं."

"तुला उत्तर ठाऊक होतं?"

"सर, मी नववीत आहे. तो धडा मला अजून शिकवलेलाच नाही."

अधिकाऱ्यांनी पिशवीतून माझ्या शेऱ्याची प्रत काढली, पर्यवेक्षिका बाईंच्या टेबलावर ठेवली, आणि खाली स्वतःच्या हातानं लिहिलं की तपास केला, आक्षेप निराधार आहे. सही केली. मग पेन माझ्यापुढे धरलं. मीही सही केली. बाहेर पडता पडता ते दारात थांबले आणि थोरलीला म्हणाले, "मी बावीस वर्षं हे समीकरण फळ्यावर शिकवलं. फळ्याशिवाय शिकवता येईल असं मला कधी वाटलं नव्हतं." ती उभी राहिली आणि आवाजाच्या दिशेनं तिनं हात जोडले.

फाटकाशी मी त्या आईपाशी गेले आणि मराठीत सांगितलं की तो शेरा मी लिहिला होता. सांगितल्याशिवाय मला जाववेना. तिला आधी मराठीचंच नवल वाटलं. "तुम्ही तिकडच्या काय, अक्का?" मग बाकीचं तिच्या ध्यानात आलं. "तुम्ही बघितलं ते लिहिलं," ती म्हणाली. "बघणारे सगळे एवढंच करतात. माझी पोरगी ऐकते, ते कुणाला दिसत नाही." ती रागानं बोलली नाही, म्हणून ते जास्त लागलं.

परीक्षा संपल्यावर मी प्रोग्राममधल्या त्या उणिवेचा सविस्तर अहवाल लिहिला आणि दुरुस्ती होईपर्यंत कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही. निकाल लागला तेव्हा फाटकाशी माझा नंबर घेतलेल्या त्या आईचा फोन आला. थोरली विज्ञानात वर्गात पहिली, गणितात एका मार्कानं दुसरी, आणि त्या एका मार्कासाठी दोघी बहिणींत दोन दिवस अबोला. पुढे थोरलीनं पीयूसीला, म्हणजे इकडच्या अकरावी-बारावीला, अर्थशास्त्र घेतलं. पुस्तकं रेकॉर्ड करून मिळायला वेळ लागायचा, म्हणून मी रविवारी सकाळी यशवंतपूरला जाऊन तिला वाचून दाखवायला लागले. धाकटीही असायची, आता तिची स्वतःची दहावी होती. त्यांची आई आमच्यापुढे चित्रान्नाच्या, म्हणजे पिवळ्या फोडणीच्या भाताच्या, ताटल्या ठेवून आत जायची.

अशाच एका रविवारी मी पान उलटत असताना थोरलीनं विचारलं, "अक्का, तुम्ही पाच पेपर मला बघितलं ना? आवाजाशिवाय?"

"हो."

"मी कशी दिसते?"

मी जे पाहिलं होतं तेच सांगायचं ठरवलं. म्हटलं, उत्तर सापडायच्या आधी तुझ्या कपाळावर, दोन भुवयांच्या मध्ये, एक बारीक आठी पडते. आणि सापडलं की ती जाते, आणि तोंड उघडायच्या आधीच चेहरा हसल्यासारखा होतो. तू बोलायला लागायच्या आधी मला कळायचं, की आता येणार.

तिनं हात उचलून दोन बोटं भुवयांच्या मधे ठेवली आणि तशीच बसली. धाकटी वहीतून मान वर करून म्हणाली, "खरं आहे ते. मी रोज बघते."

"मग मला कधी सांगितलं नाहीस?"

"तुला माहीत असेल असं वाटलं."

थोरलीनं बोटं काढली नाहीत. थोड्या वेळानं मला म्हणाली, "मला एक अवघड काहीतरी विचारा, अक्का. अगदी अवघड. ती आठी केव्हा पडते ते बघायचंय मला."